बतूलने झोपवलेलं बाळ

सेफ्रू गावात पन्नाशीच्या आसपासच्या कुणाला खिजवायचं असलं, की अजूनही विचारतात, "तू बतूलच्या हातचा की सरकारच्या?" बतूलच्या हातचा म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत, घरी जन्मलेला. सरकारच्या हातचा म्हणजे नदीपलीकडच्या दवाखान्यातला. बतूलच्या हातची माणसं मोठ्या दिमाखात सांगतात की आमची बेंबी बघा, कशी आत बसली आहे. दवाखान्यातल्या पोरांच्या बेंब्या बाहेर येतात, असं बतूलचं पक्कं मत होतं आणि ते खोडून काढायची गावात कुणाची छाती नव्हती.

लल्ला बतूल, म्हणजे बतूलबाई, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती. हात थोडे थरथरायचे, पण जीभ जागेवर होती. वीस वर्षांपूर्वी तिने सुईणपण सोडलं. म्हणजे तिने सोडलं नाही, बायका दवाखान्यात जायला लागल्या आणि तिच्याकडे यायच्या बंद झाल्या. तरी रस्त्याने निघाली की चाळिशीचे बाप्ये वाकून तिच्या हाताचं चुंबन घ्यायचे, आणि ती प्रत्येकाला त्याची जन्मकथा ऐकवायची. "तू पायाळू. तुझ्या आईने मला चावलं होतं, बघ इथे." मग तो बिचारा भर बाजारात, ऑलिव्हच्या ढिगाऱ्यापाशी, लाजून उभा राहायचा.

बतूल हे काम मेसऊदाकडे शिकली. मेसऊदा ज्यू वस्तीतली म्हातारी सुईण. मुसलमान बायका अडल्या की तिला बोलवायच्या आणि ज्यू बायका अडल्या की देवाला. एक दिवस मेसऊदाचं सगळं घर उठून दूरदेशी निघून गेलं. जाताना तिने आपली कात्री बतूलला दिली आणि एवढंच म्हणाली, "डोळे उघडे ठेव, तोंड मिटलेलं ठेव." बतूलने हे दोन्ही आयुष्यभर पाळलं.

आणि आता, त्या वसंतात, सगळं गाव तिला तोंड उघड म्हणत होतं.

झालं होतं असं, की पोट पाडण्याला कायद्याने परवानगी असावी की नसावी, यावरून देशभर वाद पेटला होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार बाप्ये आणि एक बाई बसायची, चौघं बोलायचे आणि बाईला मध्येच तोडायचे. राजधानी राबातहून हुकूम निघाला की लोकांचं म्हणणं ऐकून घ्या. सेफ्रूतही शुक्रवारी दुपारी महिला मंडळाच्या खोलीत सभा ठरली. राबातहून एक बाई येऊन सगळं लिहून नेणार होती.

बतूलकडे पहिली आली ती घीता, दवाखान्यातली तरुण दाई. आली आणि दारातच बसली.

"लल्ला, तुम्ही बोलायलाच हवं. आम्ही बोललो की म्हणतात, पोरी शहरात शिकून बिघडल्या. तुम्हाला कोण बिघडलेली म्हणेल?"

"माझ्या सासूने म्हटलं होतं," बतूल म्हणाली. "काय बोलू मी?"

"जे पाहिलंत ते. गेल्या महिन्यात एक पोरगी आली, सोळाची. कुणीतरी काहीतरी पाजलेलं. आम्ही वाचवली, पण पोलिसांच्या भीतीने ती तोंडातून एक शब्द काढीना. तुमच्या वेळी नव्हत्या का अशा?"

बतूलने चहाच्या पेल्यात आणखी साखर घातली. साखर आधीच भरपूर होती.

दुसरा आला लर्बी. चव्वेचाळीस वर्षांचा, शाळामास्तर, दाढी नीट कातरलेली, मुलांवर कधी हात न उगारणारा, आणि या वादात गावातला सगळ्यात मोठा आवाज. हाही बतूलच्या हातचा. मनाने चांगला होता, म्हणूनच त्याच्याशी भांडायची पंचाईत व्हायची.

"मावशी, शुक्रवारी मी माझीच गोष्ट सांगणार आहे. आईच्या पोटात मी अकरा महिने झोपलो होतो. अल्लाने मला झोपवलं, अल्लाने जागं केलं. कुणी मला पाडलं नाही, टाकलं नाही. पोटातला जीव ही ठेव असते, हे माझ्याहून जास्त कुणाला कळणार? मी एवढंच म्हणेन, आणि मग तुम्ही साक्ष द्या. धागा तुम्हीच बांधला होतात."

"आईला विचारलंस?"

"आई खूष आहे."

बतूलला माहीत होतं की आई खूष नसणार. लर्बीची आई झहूर ही तिची पन्नास वर्षांची मैत्रीण.

ही झोपण्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हल्लीची पोरं तिला हसतात. त्या दिवसांत फ्रान्सच्या खाणींना माणसं हवी होती. भरतीवाले यायचे, तरणेबांड पुरुष उघडे करून रांगेत उभे करायचे, दात बघायचे, आणि छातीवर शिक्का मारायचे. हिरवा म्हणजे घेतला, लाल म्हणजे घरी जा. हिरवे शिक्के छातीवर मिरवत सेफ्रूचे पुरुष निघून गेले. मागे राहिल्या बायका. वर्षातून एक पत्र, पुढेपुढे एखादी कॅसेट. सगळी आळी त्या कॅसेटभोवती बसून एका माणसाचं खोकणं ऐकायची. काय दिवस होते ते! गच्चीवरून गच्चीवर जाता यायचं. हमामात एकीचं दुःख दुसरीच्या पाठीवर घासलं जायचं. चेरीच्या दिवसांत बायका टोपल्या घेऊन बागांत जायच्या, आणि पुरुष नसल्यामुळे मोठ्याने गायच्या.

आणि एवढ्या सगळ्या बायका एकट्या राहिल्या, की कधी ना कधी एखादीला दिवस जाणारच.

तेव्हा ते बाळ 'झोपलेलं' असायचं. नवरा जाण्याआधीच ते पोटात होतं, पण बाप दूर गेलेला पाहून झोपी गेलं; आता जागं झालंय. आजी-पणजीपासून सगळे हे मानत. जुने काझी तर पाच-पाच वर्षांची झोप मान्य करत. त्यांनी डोळे मिटून मान्य केली की उघड्या डोळ्यांनी, हे त्यांचं त्यांना ठाऊक. सुईणीने फक्त पोटावर हात ठेवून म्हणायचं, "हो, हे झोपलेलंच होतं." मग लोकरीच्या धाग्याला सात गाठी मारून तो कमरेला बांधायचा. बाळ झोपवायचं असलं तर गाठी घट्ट, उठवायचं असलं तर सोडायच्या. विधवांची अब्रू त्यावर तरली, आणि मूल होत नाही म्हणून टाकून देऊ बघणाऱ्या नवऱ्यांपासून वांझ म्हटलेल्या बायकाही वाचल्या. "झोपलंय, उठेल," असं म्हणत त्या पंधरा-पंधरा वर्षं संसारात टिकल्या.

झहूरचा नवरा कद्दूर शरदात गेला. एक हिवाळा गेला, दुसरा आला, आणि झहूर एका सकाळी बतूलकडे येऊन भिंतीला टेकून बसली. बावीस वर्षांची. बतूलने कुणाचं ते विचारलं नाही. फक्त विचारलं, "हवं आहे?" झहूरने मान हलवली, हो. बतूलने धागा काढला. चेरी पिकल्या तेव्हा लर्बी जन्मला, आणि त्याच्या सातव्या दिवशी झहूरच्या सासूने स्वतःच्या बांगड्या मोडून बारशाचा मेंढा आणला. आळीतल्या बायका इतक्या जोरात किलकारल्या की कुणाला काही पुटपुटायला जागाच उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या आळीला कुणी शिकवायला नको होतं.

सभेच्या आदल्या दुपारी झहूर आली. दोघी गच्चीवर बसल्या. खाली बागांमध्ये चेरी फुलली होती.

"तू हो म्हण, बस," झहूर म्हणाली. "एक शब्द. सत्तरीला आले मी. आता माझ्या नावाचं वाळवण चव्हाट्यावर घालू नका बायांनो."

"कोण घालतंय? मी कधी बोलले?"

"बोलली नाहीस. पण घीता तुझ्याकडे येऊन गेली, हे कळलं मला. आणि तू चार दिवस जेवली नाहीस, हेही कळलं."

"जेवले. बिसारा खाल्ला."

"डाळीचं ते पातळ कढण म्हणजे काय जेवण?" झहूर रागावली. मग तिने आवाज खाली आणला. "त्या पोरीचं काढणार आहेस ना?"

बतूलने तिच्या पेल्यात चहा ओतला. ती पोरगी म्हणजे ताहरा, आणि गेली चाळीस वर्षं दोघींनी हे नाव एकमेकींसमोर घेतलं नव्हतं.

ताहरा डोंगरातल्या गावातून आलेली, बाब मकाम वेशीजवळच्या एका मोठ्या घरात कामाला. सतरा वर्षांची. लर्बी तेव्हा तीन वर्षांचा होता. एका थंडीच्या दुपारी ती हातात चपला घेऊन बतूलच्या उंबऱ्यात उभी राहिली. घर पुसून पुसून तिला आत येताना चपला काढायची सवयच लागली होती. कुणाचं ते बतूलने तिलाही विचारलं नाही. "हवं आहे?" विचारलं. ताहरा म्हणाली, "नको. लल्ला, मला मोकळं करा."

ते बतूल करत नसे. मेसऊदाने शिकवलं नव्हतं, आणि पाप तर होतंच. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. धागा काढला, सात गाठी घट्ट मारल्या, ताहराच्या कमरेला बांधला आणि म्हणाली, "आता हे झोपेल. तुझं लग्न होईपर्यंत झोपेल. जा, घाबरू नको."

आणि इथे खरी मेख आहे. झहूरच्या वेळी बतूलला माहीत होतं की आपण खोटं बोलतो आहोत. पण तेच खोटं पंधरा-वीस जणींना सांगता सांगता, आणि ते दरवेळी निभावताना बघता बघता, तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. काझी मानतात, नवरे मानतात, मग असेलही खरं. ताहराला तिने फसवलं नाही. तिला खरंच वाटलं की ते बाळ झोपेल.

ताहरालाही वाटलं. चार महिने ती धाग्याच्या भरवशावर राहिली. पोट दिसायला लागलं तेव्हा ती कुठून तरी कसलासा काढा आणून प्यायली. मालकांनी पोटशूळाने गेली म्हणून सांगितलं. मयताला आंघोळ घालायला बतूललाच बोलावलं. कपडे उतरवले तर कमरेला धागा तसाच होता, एकही गाठ सुटलेली नव्हती. बतूलने आपल्या हाताने तो सोडला. त्यानंतर तिने कुणालाही धागा बांधला नाही. लोक म्हणाले, जमाना बदलला म्हणून बतूलने धागे सोडले.

"तू ताहराचं सांगितलंस," झहूर म्हणाली, "तर सगळ्यांना कळेल की धाग्यात काही नव्हतं. आणि धाग्यात काही नव्हतं तर माझा लर्बी कोण?"

बतूल दोन्हीकडून अडकली. गप्प बसावं, तर ताहराच्या बाजूने जगात बोलणारं कुणी नाही. बोलावं, तर या बाईचं म्हातारपण नासेल, आणि आपल्या हातांत पहिला श्वास घेतलेल्या पोराचाही बाप हिरावला जाईल. झहूर उठली, आणि पहिल्यांदाच चहा न संपवता गेली.

शुक्रवारी खोली खचाखच भरली. बायका खुर्च्यांवर, पोरी खिडक्यांत, मागे आठ-दहा बाप्ये. राबातची बाई वही उघडून बसली. घीता बोलली, आकडे सांगितले. बायकांनी आकडे ऐकून जांभया दिल्या. मग लर्बी उठला. त्याने आपली गोष्ट सांगितली, आणि गोड सांगितली. बाप खाणीत, आई एकटी, पोटात एक जीव झोपलेला. दोन बायकांनी डोळे पुसले. शेवटी तो वळला.

"लल्ला बतूल समोर बसल्या आहेत. त्यांनीच सांगावं देवाला साक्ष ठेवून, की मी झोपलो होतो की नाही."

सगळ्या माना बतूलकडे वळल्या. तिसऱ्या रांगेत झहूर पदरासारख्या ओढलेल्या रुमालात तोंड घालून बसली होती. बतूल उभी राहायला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंनी हात आले. तिने ते झटकले.

"झोपला होतास," ती म्हणाली. "अकरा महिने. मीच झोपवलं."

लर्बीने समाधानाने मान हलवली. झहूरचे खांदे खाली आले.

"आता बसू नकोस, पुढचं ऐक," बतूल म्हणाली. "तू जन्मलास त्याच्या तिसऱ्या वर्षी मी आणखी एका पोरीच्या कमरेला धागा बांधला. तोच धागा, त्याच सात गाठी. तिचं नाव ताहरा. तिचं बाळ नाही झोपलं. ती मेली. मी तिला न्हाऊ घातलं."

"का नाही झोपलं, लल्ला?" राबातच्या बाईने लिहिता लिहिता विचारलं. तिला गावातलं काय माहीत.

बतूल तिच्याकडे वळली. मागच्या बाप्यांपैकी एकजण खाकरला, तेव्हा कुणीतरी त्याला गप्प केलं.

"बाई, तुम्हाला मुलं आहेत? तान्हं मूल घरात कधी झोपतं? सगळे हळू चालतात तेव्हा. हा लर्बी झोपला, कारण याच्यासाठी सगळी आळी हळू चालली. याची आजी हळू चालली. शेजारी, भट्टीवाला, मशिदीतले फकीह, सगळे. इथे बसलेल्या अर्ध्या म्हाताऱ्या चालल्यात, विचारा त्यांना. ताहरासाठी कुणी पाय हळू टाकला? तिला नवरा नव्हता, सासू नव्हती, आळी नव्हती. आणि मीही मोठी शहाणी, तिच्या कमरेला धागा बांधला आणि दार लावून घेतलं."

 समोरच्या रांगेतल्या तीन-चार म्हाताऱ्या खाली बघत होत्या, आणि त्यातली एक रडत होती.

"तुम्ही विचारता, कायदा असावा का. मला कायद्यातलं कळत नाही. पाप आहे का, ते मला माझ्या कबरीत विचारतील, तेव्हा मी बघेन. पण एवढं लिहा. जिला हवं होतं, तिच्यासाठी आमच्याकडे शंभर वाटा होत्या. जिला नको होतं, तिच्यासाठी एकही नव्हती. निदान एक असायला हवी होती. आणि तिचं नाव लिहा. ताहरा. आडनाव मला माहीत नाही, मी विचारलंच नाही."

राबातच्या बाईने नाव लिहिलं. पुढे राबातला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले आणि वाद आजही चालू आहे. सेफ्रूत सभा संपल्यावर बायका नेहमीसारखी गडबड न करता घरी गेल्या.

लर्बी बतूलला पोचवायला आला. चढ होता, तिला दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं.  मास्तर होता तो, बोललेलं समजायला त्याला वेळ लागत नव्हता.

"मी उद्याही पापच म्हणेन त्याला," तो अखेर म्हणाला.

"म्हण की. तुला कोण अडवतंय?"

पुन्हा दहा पावलं. मग तो भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"मावशी, बाबा त्या उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा मी दोन महिन्यांचा होतो."

"हो."

"त्यांनी काय विचारलं?"

"नाव काय ठेवलं, ते विचारलं."

"बस?"

बतूलला त्या दिवशीचा कद्दूर आठवला. खांद्यावर गाठोडं, नखांत कोळशाचा काळा रंग, उन्हात डोळे बारीक केलेले. झहूर बाळ छातीशी धरून त्याच्यासमोर उभी होती. त्याने गाठोडं खाली ठेवलं, हात स्वतःच्या कपड्यांना पुसले, तरी काळेच होते म्हणून पुन्हा पुसले, आणि मग मूल मागितलं.

"पोरा, तुझा बाप खाणीत होता," ती म्हणाली. "पाळ्या मोजून काम करायचा. त्याला महिने मोजता येत नव्हते, असं वाटतं तुला?"

 लर्बीच्या बापाला वारून नऊ वर्षं झाली होती. बापानेच त्याला सायकल शिकवली होती, शाळेत घातलं होतं. गुरुवारच्या बाजारात खांद्यावर बसवून 'हा माझा, बरं का' असं ज्यालात्याला सांगितलंही होतं बापानेच. चव्वेचाळीस वर्षांचा तो माणूस भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून रडला, आणि बतूल त्याला आडोसा व्हावा म्हणून आपल्या अंगावरच्या जेल्लाब्याचा घोळ पसरून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती म्हणत होती, "काही नाही, चढ लागलाय त्याला."

थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं. तिचा हात पुन्हा धरला. वळणावर झहूरचं दार दिसलं. ती आधीच येऊन उंबऱ्यात उभी होती, लांबूनच दोघांचे चेहरे वाचायचा प्रयत्न करत.

"मावशी," लर्बी घाईने, अगदी हळू म्हणाला, "आईला सांगू नका, मी विचारलं ते."

"काय विचारलंस?" बतूल म्हणाली. "तू काही विचारलं नाहीस."

त्याने मान डोलावली आणि आईकडे बघून मोठ्याने ओरडला, "आई, झालं ना सगळं नीट! मावशींनी दिली ना साक्ष!"

लोकांची झाकपाक करायचं काम बतूलने सगळा जन्म एकटीने केलं होतं. आज पहिल्यांदा त्यात कुणीतरी हातभार लावला, तोही तिच्याच हातांत जन्मलेल्याने, आणि म्हातारीला इतकं रडू आलं की झहूरला तिला दारातून आत न्यावं लागलं.